वादग्रस्त परदेशी निकालावरचं सरकारी निवेदन वाचायचं कसं

७ जानेवारी २०२४ला बांगलादेशात मतदान झालं. बीएनपी या मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार घातला होता, त्याचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते, आणि सत्ताधारी अवामी लीगने तीनशेच्या संसदेत दोनशे वीसच्या वर जागा घेतल्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान मोदींनी शेख हसीनांना फोन करून सलग चौथ्या विजयाबद्दल अभिनंदन केलं. निवडणूक यशस्वीपणे पार पडल्याबद्दल बांगलादेशच्या जनतेचंही अभिनंदन केलं. त्याच तारखेला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने म्हटलं की ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य नव्हती, इतर निरीक्षकांसारखंच आमचंही मत आहे.

एकच निवडणूक, एकच तारीख, दोन राजधान्या. मी नाशिकला एका मराठी दैनिकात देश-विदेशचं पान बघते. वॉशिंग्टनचं निवेदन आमच्याकडे मध्यरात्रीच्या आसपास उतरतं. बाहेरगावची डाक आवृत्ती तोवर गेलेली असते आणि शहर आवृत्तीचं पान सुटायच्या बेतात असतं. अशा वेळी नवीन उपसंपादक हमखास विचारतात, ‘मग खरं काय, भारताचं की अमेरिकेचं?’ त्यांना मी जे सांगते ते इथे लिहितेय, कारण पेपर वाचणाऱ्यालाही त्याचा तितकाच उपयोग आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा. मतदान खरं झालं का, हा एक. त्या देशात आता जो सत्तेवर बसणार आहे त्याच्याशी आपलं सरकार कसं वागणार, हा दुसरा. परराष्ट्र खात्याचं निवेदन दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. पहिल्याचं उत्तर निरीक्षकांच्या अहवालात, मतदान केंद्रांच्या तक्त्यांत आणि कोर्टाच्या निकालात शोधावं लागतं. दिल्लीने अभिनंदन केलं म्हणून निवडणूक स्वच्छ ठरत नाही, आणि वॉशिंग्टनने नाक मुरडलं म्हणून ती खोटी ठरत नाही.

मतदानाच्या आधीचं काढा

निकालानंतरचं निवेदन हातात आलं की आधी सहा-आठ महिने मागे जा. जवळपास प्रत्येक वेळी उत्तर तिथेच मिळतं.

बांगलादेशचंच घ्या. अमेरिकेने मे २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की बांगलादेशातल्या लोकशाही निवडणुकीत अडथळे आणणाऱ्यांना व्हिसा मिळणार नाही. सप्टेंबरमध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाल्याचंही सांगितलं. नोव्हेंबरात दिल्लीत भारत-अमेरिकेचे परराष्ट्र आणि संरक्षण मंत्री भेटले. त्यानंतर आपले तेव्हाचे परराष्ट्र सचिव विनय क्वात्रा म्हणाले की बांगलादेशची निवडणूक हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे आणि तिथल्या जनतेने आपलं भवितव्य ठरवायचं आहे. वॉशिंग्टनने मतदानाआधी व्हिसाची अट घातली, दिल्लीने हात घालणार नाही असं सांगितलं. जानेवारीत दोन्ही राजधान्यांनी वेगळं काहीच केलं नाही. ज्यांनी आधीचं वाचलं होतं त्यांना ८ तारखेला धक्का बसला नाही.

भारताची भूमिका तशी का होती हे नकाशा सांगतो. चार हजार किलोमीटरहून लांब सीमा, ईशान्येतल्या बंडखोरांना ढाक्यात थारा न देणारं सरकार, आणि दोनच महिन्यांपूर्वी उद्घाटन झालेला आखौरा-आगरतळा रेल्वेमार्ग. या गोष्टी निवेदनात लिहिलेल्या नसतात, पण त्या समजल्याशिवाय निवेदन कळत नाही.

घड्याळ

मग वेळा लिहून काढा. माझ्याकडे त्यासाठी एक आखलेली वही आहे. डावीकडे निवडणूक आयोगाने निकाल कधी जाहीर केला ते, उजवीकडे कोणत्या देशाने कधी काय म्हटलं ते. संगणकावर केलं तरी चालेल, पण करा.

युक्रेनमध्ये २१ नोव्हेंबर २००४ला दुसऱ्या फेरीचं मतदान झालं. पुतिन यांनी २२ तारखेला सत्ताधारी गटाचे उमेदवार यानुकोविच यांचं अभिनंदन केलं. आयोगाने अधिकृत निकाल दिला २४ तारखेला. म्हणजे मॉस्कोचं अभिनंदन निकालाच्या आधीचं. त्याच २४ तारखेला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी हा निकाल वैध मानता येत नाही असं सांगितलं. ३ डिसेंबरला युक्रेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेरी रद्द केली, २६ डिसेंबरला पुन्हा मतदान झालं आणि विरोधी उमेदवार युश्चेन्को निवडून आले. घाईने केलेल्या अभिनंदनाचा हेतू बहुतेक वेळा एकच असतो. निकाल पक्का झाल्याचं वातावरण तयार करायचं, म्हणजे तक्रार करणाऱ्याला उशीर झाल्यासारखं वाटावं.

पण घाई नेहमी त्याच बाजूने नसते. मालदीवमध्ये २३ सप्टेंबर २०१८ला मतदान झालं. राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला यामीन सत्ता सोडतील का, याची धास्ती माले आणि दिल्ली दोन्हीकडे होती. भारताने २४ तारखेलाच विरोधी उमेदवार इब्राहिम सोलिह यांचं विजयाबद्दल अभिनंदन केलं आणि निवडणूक आयोग लवकरात लवकर निकालावर शिक्कामोर्तब करेल अशी आशाही व्यक्त केली. त्या निवेदनाचं वजन या दुसऱ्या वाक्यात आहे. अभिनंदन सोलिहना उद्देशून असलं तरी हे वाक्य आयोगासाठी आणि यामीन यांच्यासाठी होतं: आकडे आम्ही बघितलेत, आता ते फिरवू नका. यामीन यांनी पुढे कोर्टात धाव घेतली, कोर्टाने अर्ज फेटाळला, आणि १७ नोव्हेंबरला सोलिह यांच्या शपथविधीला मोदी स्वतः मालेला गेले. ‘अंतर्गत प्रश्न’ म्हणणारा देश हवं तेव्हा किती पुढे येऊन बोलू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. बांगलादेशच्या वेळचं आणि मालदीवच्या वेळचं निवेदन शेजारी ठेवून वाचा.

केनियाचं प्रकरण घाईची किंमत दाखवतं. ३० डिसेंबर २००७ला राष्ट्राध्यक्ष मवाई किबाकी पुन्हा विजयी झाल्याचं जाहीर झालं आणि तासाभरात संध्याकाळीच त्यांचा शपथविधी उरकला गेला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने अभिनंदन करून टाकलं आणि लगेच ते मागे घेतलं, कारण मतमोजणीबद्दल गंभीर शंका पुढे आल्या होत्या. तोवर देश पेटला होता. हजारावर माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली आणि फेब्रुवारीअखेर दोन्ही बाजूंत सत्तावाटपाचा करार झाला. म्हणून पहिल्या चोवीस तासांतलं अभिनंदन आम्ही पानावर घेतो, पण ‘निकालाला मान्यता’ असं लिहायला माझी तयारी नसते.

अभिनंदन कुणाचं आणि कशाबद्दल

आता मजकूर. चार शब्दांची उतरंड लक्षात ठेवली की बरंचसं काम होतं. अभिनंदन सगळ्यात वर. त्याखाली निवडणूक पार पडल्याचं स्वागत. त्याखाली निकालाची नोंद घेणं, ज्यात होही नाही आणि नाहीही नाही. आणि सगळ्यात खाली निकाल नाकारणं. चिंता मात्र कुठल्याही पायरीवर जोडून येऊ शकते.

पण शब्दापेक्षा तो कुणाला आणि कशाबद्दल वापरला आहे ते जास्त सांगून जातं. हसीनांना पाठवलेल्या संदेशात विजय आहे, चौथी टर्म आहे, जनता आहे आणि निवडणूक यशस्वी झाल्याचा उल्लेख आहे. आता पाकिस्तान घ्या. ८ फेब्रुवारी २०२४च्या मतदानात इम्रान खान यांच्या पक्षाने मतमोजणीत फेरफार झाल्याचा आरोप केला. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघाने चिंता व्यक्त केली. शाहबाज शरीफ यांनी ४ मार्चला शपथ घेतली आणि ५ मार्चला मोदींचा संदेश आला. तो एका वाक्याचा होता: पंतप्रधानपदाची शपथ घेतल्याबद्दल अभिनंदन. त्यात विजय नाही, निवडणूक नाही, जनता नाही. फक्त पद. शिष्टाचार पाळला आणि निकालावर एक अक्षर काढलं नाही. माणसाला शुभेच्छा द्यायच्या आणि मतमोजणीपासून लांब राहायचं असेल तर ते असं करतात.

अमेरिकेचं बांगलादेशवरचं निवेदनही पूर्ण वाचा. सुरुवातीला अवामी लीगने बहुमत मिळवल्याची नोंद, मग अटकांबद्दल आणि मतदानादिवशीच्या गैरप्रकारांबद्दल चिंता, मग निवडणूक मुक्त आणि न्याय्य नव्हती हे वाक्य, आणि शेवटी बांगलादेशाबरोबर काम करत राहण्याची इच्छा. मधलं वाक्य मथळ्यात येतं, पण खरं धोरण शेवटच्या परिच्छेदात असतं. फेब्रुवारीत बायडेन यांनी हसीनांना पत्र लिहून एकत्र काम करायची तयारी कळवली तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. शेवटचा परिच्छेद आठवला असता तर वाटलं नसतं.

बोलतंय कोण, हेही बघा. प्रवक्ता, मंत्री आणि पंतप्रधान यांच्या वाक्यांचं वजन सारखं नसतं. ८ तारखेला भारत, चीन आणि रशियाचे राजदूत ढाक्यात हसीनांना भेटून अभिनंदन करत होते. राजदूताचं प्रत्यक्ष जाणं ही स्वतंत्र बातमी आहे. उलट बाजूने, ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉर्जियात हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान अधिकृत निकालाआधीच सत्ताधारी पक्षाचं अभिनंदन करून मोकळे झाले आणि लगोलग तिबिलिसीला पोचले. त्यांच्या देशाकडे तेव्हा युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचं फिरतं अध्यक्षपद होतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटलं युरोपच आलाय. युरोपीय संघाला सांगावं लागलं की ओर्बान आमच्या वतीने बोलत नाहीत.

तपासता येईल अशी मागणी आहे का

माझ्या मते निवेदनाची किंमत ठरते ती इथे. ‘पारदर्शकता हवी’ हे कुणीही म्हणतं. नेमका कोणता कागद हवा ते सांगणारं सरकार फार थोड्या वेळा सापडतं.

व्हेनेझुएलाची २८ जुलै २०२४ची निवडणूक यासाठी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिथे मतदान यंत्रावर होतं. यंत्रातून छापील चिठ्ठी येते आणि मतदार ती पेटीत टाकतो. मतदान संपलं की प्रत्येक यंत्र दुकानातल्या पावतीसारखी लांब पट्टी छापतं. त्यावर त्या यंत्राची उमेदवारवार मतं, सह्या आणि खाली क्यूआर कोड. तिला ‘आक्ता’ म्हणतात. पक्षांच्या प्रतिनिधींना तिची प्रत मिळते. मध्यरात्री आयोगाने ८० टक्के मोजणीच्या आधारे सत्तेवर असलेले अध्यक्ष मादुरो यांना ५१.२ टक्के मतं दिली आणि केंद्रवार आकडे दिलेच नाहीत. विरोधकांच्या प्रतिनिधींनी आपापल्या केंद्रावरच्या पट्ट्या गोळा करून, स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. ऐंशी टक्क्यांहून जास्त यंत्रांच्या. त्यांची बेरीज विरोधी उमेदवार एडमुंडो गोन्सालेस यांना सुमारे ६७ टक्के दाखवत होती. आयोगानेच निरीक्षणासाठी बोलावलेल्या कार्टर सेंटरने ही निवडणूक लोकशाही मानता येत नाही असं सांगितलं.

यावर सरकारं काय म्हणाली? चीन आणि रशियाने मादुरोंचं अभिनंदन केलं. अमेरिकेने १ ऑगस्टला गोन्सालेस यांना जास्त मतं पडल्याचा भक्कम पुरावा असल्याचं सांगितलं. त्याच दिवशी ब्राझील, कोलंबिया आणि मेक्सिको या तिघांचं एकत्र निवेदन आलं. त्यात कुणाचं अभिनंदन नव्हतं आणि निकाल नाकारलेलाही नव्हता. त्यांनी मागितले केंद्रवार मतांचे आकडे. बोटचेपेपणा म्हणून त्यावर टीका झाली, पण मला ते निवेदन आवडतं. एक ठराविक कागद मागितला की समोरच्याला तो दाखवावा लागतो, नाहीतर न दाखवल्याची नोंद होते. आयोगाने ते आकडे प्रसिद्ध केलेच नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं त्या न दाखवलेल्या कागदापाशीच परत येत राहिलं.

या तिघांत ब्राझीलकडे नीट लक्ष ठेवा. मादुरोंनी निकालावर शंका घेणाऱ्या अर्जेंटिना, चिली, पेरू अशा सात देशांच्या मुत्सद्द्यांना बाहेर काढलं. कराकासमधल्या अर्जेंटिनाच्या दूतावासात तेव्हा विरोधी पक्षाचे सहा जण आसऱ्याला होते. अर्जेंटिनाचे कर्मचारी निघाले आणि त्या इमारतीवर ब्राझीलचा झेंडा चढला. तिची जबाबदारी ब्राझीलने घेतली होती. त्या झेंड्याने आत अडकलेल्या माणसांसाठी जे केलं ते कडक शब्दांच्या दहा निवेदनांनी झालं नसतं. तीव्र बोलून हाकलले गेलेले देश त्या इमारतीचं रक्षण करू शकत नव्हते. मवाळ निवेदन वाचताना, बोलायला जागा राखून ठेवण्यामागे असं काही कारण आहे का, तेही बघत जा.

‘मान्यता’ जपून लिहा

मान्यता हा कायद्याचा विषय आहे. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी १९३० मध्येच सांगितलं की परक्या सरकारांना मान्यता देणं-नाकारणं हे आमचं काम नाही, आम्ही फक्त आपला राजदूत ठेवू किंवा परत बोलावू. ब्रिटननेही १९८० पासून मान्यता राष्ट्रांना द्यायची, सरकारांना द्यायची नाही असं धोरण ठेवलं. म्हणून निकाल नाकारला आणि दूतावास चालू राहिला यात विसंगती नाही.

बेलारूसचं बघा. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को यांना ८० टक्के मतं जाहीर झाली. युरोपीय संघाने निकाल मानला नाही, पण त्यांचे मुत्सद्दी मिन्स्कमध्येच होते. आंदोलनात मेलेल्या माणसाच्या जागी त्यांनी फुलं वाहिली. सप्टेंबरात नोबेलविजेत्या लेखिका स्वेतलाना अलेक्सियेविच यांच्या दारात अनोळखी माणसं घिरट्या घालू लागली, तेव्हा अनेक देशांचे मुत्सद्दी त्यांच्या घरी जाऊन बसले. संबंध तोडून हे करता आलं नसतं.

उलट टोकाला व्हेनेझुएलाचं २०१९ आहे. अमेरिकेसह पन्नासहून जास्त देशांनी मादुरोंऐवजी विरोधी नेते ग्वाइदो यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष मानलं. त्यामुळे बँक ऑफ इंग्लंडमधलं व्हेनेझुएलाचं सुमारे ३१ टन सोनं कुणाच्या सहीने निघणार, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण कराकासमधली पोलीसचौकी, बंदर, तेलकंपनी मादुरोंकडेच राहिली. त्या अनुभवामुळे असेल, पण गोन्सालेस यांना ‘निर्वाचित अध्यक्ष’ म्हणायला अमेरिकेने २०२४ मध्ये नोव्हेंबर उजाडू दिला.

नंतरचे आठवडे

निवेदनाची प्रत तारखेसह ठेवा आणि तीन गोष्टींवर नजर ठेवा: शपथविधीला कोण गेलं, पैशाच्या व्यवहारावर सही कुणाची चालते, आणि व्हिसा-व्यापारात काय बदललं. १० जानेवारी २०२५ला मादुरोंच्या शपथविधीला ब्राझीलने फक्त राजदूत पाठवला, अध्यक्ष लुला गेले नाहीत. आयव्हरी कोस्टमध्ये २०१०च्या निवडणुकीनंतर हरलेले राष्ट्राध्यक्ष बाग्बो खुर्ची सोडेनात, तेव्हा पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामायिक मध्यवर्ती बँकेने खात्यावरच्या सहीचा अधिकार निवडून आलेले वातारा यांना दिला. पगार वाटायचे कुठून, हा प्रश्न बाग्बोंसमोर उभा राहिला.

आमच्या जिल्ह्यात हेच कांद्यावरून कळतं. बांगलादेश नाशिकच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली आणि लासलगावच्या शेतकऱ्याचे भाव पडले. मार्च २०२४ मध्ये, बंदी चालू असतानाच, सरकारी यंत्रणेमार्फत बांगलादेशसाठी ५० हजार टनांची खास परवानगी निघाली. जोडीला संयुक्त अरब अमिरातीलाही थोडा वाटा होता, म्हणून सगळं श्रेय त्या फोनला देऊ नका. पण संबंध कुणाशी राखायचे आहेत हे अशा परवान्यांत दिसतं. ती परवानगी आली तेव्हा मी जानेवारीचं पान काढून शेजारी ठेवलं होतं.

बांगलादेशाबद्दल माझं मत मी सांगते, ते पटलं नाही तरी हरकत नाही. हसीना सरकारशी काम करणं भारताला भाग होतं. त्यांना शुभेच्छा देण्यात मला काही गैर दिसत नाही. पण मुख्य विरोधी पक्ष रिंगणात नसलेल्या, आयोगाच्याच आकड्याप्रमाणे चाळीस टक्क्यांच्या आसपास मतदान झालेल्या निवडणुकीबद्दल जनतेचं अभिनंदन करायची गरज नव्हती. जे साठ टक्के घरी बसले, तेही जनताच होते. ५ ऑगस्ट २०२४ला हसीना देश सोडून भारतात आल्या आणि त्याच दिवशी ढाक्यातल्या आपल्या इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्राची नासधूस झाली. मार्चमध्ये शाहबाज यांना जसा एका ओळीचा संदेश गेला, तसाच जानेवारीत ढाक्यालाही पाठवता आला असता.

मथळा देताना मी चार गोष्टी पुरेशा मानते: कोण, कुणाला, कशाबद्दल आणि कधी. ‘मोदींकडून हसीनांचं अभिनंदन’ हे बरोबर. ‘भारताची निकालाला मान्यता’ आमच्या पानावर जात नाही. अमेरिकेचं निवेदन मागाहून आलं तर ते त्याच बातमीत, त्याच आकाराच्या अक्षरात, खाली चौकट करून लावा. वाचकाला दोन्ही एकाच पानावर मिळाली पाहिजेत.